पाइप सडतो तो जोडापाशी: भिन्न धातूंच्या नळजोडणीचा आढावा

एखाद्या जुन्या गृहसंस्थेच्या गच्चीवर जाऊन टाकीतून खाली उतरणारी जीआय पाइपलाइन, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पाइपांची लाइन, नीट न्याहाळली तर एक गोष्ट लक्षात येते. सरळ लांबीतला पाइप बहुधा शाबूत असतो. गंजाचे ओघळ, पाझर आणि झिजलेले आटे दिसतात ते पितळी व्हॉल्व्हच्या शेजारी, सोलर हीटरच्या तांब्याच्या तोंडाशी, नाहीतर स्टेनलेस स्टीलच्या जोडाला लागून. प्लंबर तेवढा तुकडा कापून नवा निपल बसवतो आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच जागी येतो. दोष कधी पाइप बनवणाऱ्या कंपनीला दिला जातो, कधी पाण्याला, कधी प्लंबरला. खरे कारण अनेकदा त्या जोडातच असते. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकतात, दोघांना एकच पाणी भिजवत राहते आणि त्यांच्यात विजेचा एक छोटा घट तयार होतो. या घटात एक धातू विरघळतो आणि त्याच्या जिवावर दुसरा वाचतो. यालाच गॅल्व्हॅनिक क्षरण म्हणतात.

हे टाळण्याचे उपाय जुने आहेत, सिद्ध झालेले आहेत आणि बहुतेक स्वस्तही आहेत. तरीही जोड सडतात, कारण ‘कोणते दोन धातू’ एवढाच प्रश्न विचारून आपण थांबतो. कोणत्या धातूचे किती क्षेत्र पाण्याला उघडे आहे, ते पाणी कसे आहे आणि जोडात घातलेला अडसर विजेला खरोखर अडवतो का, या तीन प्रश्नांवर पाइपचे आयुष्य ठरते. ते प्रश्न विचारण्याची जबाबदारी मात्र बांधकामात सहसा कुणावरच टाकलेली नसते.

जहाजांनी आणि पुतळ्याने दिलेले धडे

१७६१ साली ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या लढाऊ जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकले. लाकूड पोखरणारे समुद्री जीव आणि तळाला चिकटणारे शेवाळ यांपासून बचाव व्हावा, हा हेतू होता. दोन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा पत्रे जागोजागी सुटले होते, कारण त्यांना धरून ठेवणारे लोखंडी खिळे विरघळून गेले होते. काही खिळे मात्र धडधाकट सापडले. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या ठिकाणी काढायचा राहून गेला होता आणि तांबे व लोखंड यांच्यामध्ये तोच आडवा आला होता. गॅल्व्हॅनीचे बेडकाच्या पायांवरचे प्रयोग प्रसिद्ध व्हायला अजून २८ वर्षे होती आणि व्होल्टाचा घट यायला जवळपास चार दशके. शास्त्र नंतर आले, पण अडसराचा उपाय त्या कागदानेच दाखवून दिला होता.

१८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी हाच घट उलट्या बाजूने वापरला. तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले तर ते तुकडे झिजतात आणि तांबे वाचते, हे त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडले. जहाजांवर प्रयोग झाले, तांबे खरोखर वाचले. पण विरघळणाऱ्या तांब्याच्या विषारीपणामुळेच तळाला शेवाळ धरत नव्हते. तांबे विरघळणे थांबताच तळ शंख-शेवाळाने भरला, जहाजांचा वेग घटला आणि नौदलाला तो बेत सोडावा लागला. तरी स्वतः झिजून दुसऱ्याला वाचवणाऱ्या धातूचे तत्त्व टिकले. आज साठवणीच्या गीझरमध्ये असणारा मॅग्नेशियमचा रॉड त्याच तत्त्वावर चालतो.

तिसरा धडा न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा. १८८६ साली उभ्या राहिलेल्या या पुतळ्यात बाहेर तांब्याचा पत्रा आणि आत लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा होता. दोघांच्यामध्ये लाखेत भिजवलेल्या ॲस्बेस्टॉसचा थर घालण्याची काळजी बांधणाऱ्यांनी घेतली होती. खाऱ्या हवेत आणि गळणाऱ्या पाण्यात तो थर कालांतराने निकामी झाला, उलट ओलावा धरून ठेवू लागला. गंजून फुगलेल्या लोखंडाने तांब्यातले रिव्हेट उपटले. १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात तिथे स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या आल्या आणि मध्ये टेफ्लॉनचा थर बसला. अडसरालाही आयुष्य असते, त्याची देखभाल ठेवावी लागते, हे या पुतळ्याने शंभर वर्षांत दाखवले.

घट कसा चालतो

या घटाला चार गोष्टी एकत्र लागतात. विरघळणारा धातू म्हणजे ॲनोड, वाचणारा धातू म्हणजे कॅथोड, दोघांना जोडणारी धातूची वाट आणि दोघांना भिजवणारे पाणी. ॲनोडपाशी लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूच्या वाटेने कॅथोडकडे जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते उचलतो. चारपैकी एक दुवा तुटला की घट बंद पडतो. म्हणून घरगुती गॅसच्या लाइनमध्ये पितळी व्हॉल्व्ह आणि पोलादी पाइप आतून सुखाने नांदतात, कारण आत पाणीच नसते. त्याच जोडावर बाहेरून कोकणातला पावसाळा आणि खारा वारा बसला की घट सुरू होतो.

प्रवाह किती लहान असला तरी घातक ठरतो, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. फॅरेडेच्या नियमाने एक ॲम्पियर प्रवाह वर्षभरात सुमारे ९.१ किलो लोखंड विरघळवतो. म्हणजे एक मिलीॲम्पियर वर्षाला सुमारे ९ ग्रॅम. एक इंची मध्यम वर्गाच्या जीआय पाइपची भिंत साधारण ३.२ मिमी जाड असते. एक चौरस सेंटिमीटरच्या ठिपक्यावर सगळा हल्ला एकवटला तर त्या मिलीॲम्पियरला भिंत पार करायला सुमारे १०० दिवस पुरतात. शिवाय जोडापाशी भिंत पूर्ण जाडीची नसतेच. एक इंची पाइपवर पाडलेल्या आट्यांची खोली जवळपास दीड मिमी असते. म्हणजे जिथे पाइप सर्वांत पातळ आणि मुलामा कापला गेलेला, तिथेच आपण दुसरा धातू आणून बसवतो.

श्रेणी काय सांगते आणि काय सांगत नाही

समुद्राच्या पाण्यात धातूंची उतरंड ठरलेली आहे. सर्वांत सक्रिय मॅग्नेशियम, मग जस्त, ॲल्युमिनियम, पोलाद आणि बीड. त्यानंतर पितळ, तांबे, तांबे-निकेल. शेवटी निष्क्रिय अवस्थेतले स्टेनलेस स्टील, टायटॅनियम आणि ग्राफाइट. दोन धातू या यादीत जितके लांब, तितकी त्यांच्यातली व्होल्टची तफावत मोठी. ही तफावत पाव व्होल्टच्या आत ठेवा, असा ढोबळ संकेत अनेक ठिकाणी पाळला जातो.

पण ही श्रेणी फक्त कोण झिजेल ते सांगते. किती वेगाने झिजेल, हे ती सांगत नाही. ॲल्युमिनियमच्या दृष्टीने टायटॅनियम तांब्यापेक्षा दूर आहे, तरी प्रत्यक्षात तांब्याचा सहवास त्याला अधिक बाधतो. टायटॅनियमच्या पृष्ठावर ऑक्सिजन इलेक्ट्रॉन संथपणे उचलतो, तांब्यावर ते काम झपाट्याने होते. ग्राफाइट तर याबाबतीत फारच तत्पर आहे. म्हणूनच समुद्राच्या पाण्याच्या स्टेनलेस स्टील लाइनमध्ये ग्राफाइटचे गॅस्केट टाळतात. धातू दोन्हीकडे एकच असतो, पण मधला काळा पट्टा कॅथोड बनून फ्लँजचे तोंड खातो.

श्रेणीपेक्षा मोठा नियम क्षेत्रफळाचा आहे. तांब्याच्या मोठ्या पत्र्यात पोलादी रिव्हेट मारले तर ते लवकर संपतात. पोलादाच्या मोठ्या पत्र्यात तांब्याचे रिव्हेट मारले तर रिव्हेट टिकतात आणि पत्र्याची झीज इतकी पसरते की ती चटकन जाणवतही नाही. म्हणून पोलादी लाइनवर एखादा पितळी व्हॉल्व्ह सहसा पचतो. तांब्याच्या लांब लाइनमधला एकटा जीआय निपल पचत नाही. पहिला प्रकार चालला म्हणून दुसराही चालेल, असे गृहीत धरल्यानेच अनेक जोड गळतात.

रंगकामातली मोठी चूक याच नियमातून येते. गंजतो तो धातू रंगवावा, हे स्वाभाविक वाटते. अमेरिकेतील क्षरणशास्त्रज्ञ मार्स फॉन्टाना यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात एका कारखान्यातल्या टाक्यांची हकिगत नोंदवली आहे. आधीच्या टाक्या आतून लेप दिलेल्या साध्या पोलादाच्या होत्या आणि त्या चालत होत्या. नव्या टाक्यांचा तळ स्टेनलेस स्टीलचा केला, लेप फक्त बाजूच्या पोलादी भिंतींना दिला, आणि काही महिन्यांतच तळाच्या वेल्डलगत भिंतींना भोके पडली. लेप कुठलाही असो, त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. समोर उघडा मोठा कॅथोड असला की सगळा हल्ला त्या छिद्रांतून होतो. म्हणून लेप द्यायचा तो आधी कॅथोडला, म्हणजे न गंजणाऱ्या धातूला. दोन्हींना देता आला तर उत्तम. फक्त ॲनोडला देणे सर्वांत धोक्याचे.

पाणी, उष्णता आणि वाहण्याची दिशा

पाण्यातले क्षार जितके जास्त, तितका हल्ला दूरवर पसरतो. समुद्राच्या पाण्यात तो जोडापासून कित्येक व्यास आत जातो. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा अशा जलाशयांतून मिळणाऱ्या कमी क्षारांच्या पाण्यात तो जोडालगतच्या काही सेंटिमीटरांत एकवटतो. एकूण झीज तिथे कमी असते, पण ती एकाच ठिकाणी होते. त्याच इमारतीत बोअरचे किंवा टँकरचे खारट पाणी आले की प्रवाह वाढतो. त्यामुळे पाण्याची चाचणी करताना पिण्यायोग्यता तपासून थांबू नये; एकूण विरघळलेले क्षार आणि क्लोराइड यांचे आकडे पाइप निवडणाऱ्याच्या हाती पडायला हवेत.

ऑक्सिजनचे महत्त्व तितकेच. मध्यवर्ती वातानुकूलनाच्या बंद चक्रात पोलादी पाइप आणि तांब्याची कॉइल वर्षानुवर्षे एकत्र काम करतात, कारण तेच पाणी फिरत राहते आणि त्यातला ऑक्सिजन सुरुवातीलाच संपतो. योग्य रसायनाची मात्रा ठेवली तर ही व्यवस्था उत्तम टिकते. मात्र गळतीमुळे रोज ताजे पाणी भरावे लागत असेल तर नवा ऑक्सिजन येत राहतो आणि बंद चक्र नावापुरतेच बंद उरते.

उष्णता एक अनपेक्षित उलथापालथ घडवते. थंड पाण्यात जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवते. जीआय पाइपची सारी मदार यावरच आहे. पण साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे काही प्रकारच्या पाण्यात जस्ताच्या पृष्ठावर असा थर बनतो की भूमिका बदलतात. जस्त कॅथोड होते आणि मुलाम्यातल्या छिद्राखालचे पोलाद खड्डे पडून झिजू लागते.

तांब्याचा आणखी एक उपद्रव स्पर्शाशिवाय होतो. तांब्याच्या नळीतून जाताना पाणी अत्यल्प तांबे विरघळवून घेते. पुढे जस्त किंवा ॲल्युमिनियम आले की ते तांबे त्यांच्यावर कणाकणाने बसते आणि प्रत्येक कण स्वतंत्र कॅथोड बनतो. मध्ये प्लास्टिकचा तुकडा घालूनही हे थांबत नाही. यासाठी जर्मन नळकारागिरीत प्रवाहाचा नियमच आहे: पाण्याच्या वाटेत जीआय आधी, तांबे नंतर. फिरत्या गरम पाण्याच्या चक्रात आधी-नंतर असे काही उरत नाही, म्हणून तिथे ही जोडी टाळलेलीच बरी.

आपल्याकडे गच्चीवरच्या सोलर हीटरपाशी या साऱ्या गोष्टी एकाच जागी भेटतात. कलेक्टरच्या नळ्या तांब्याच्या, पाणी सहज ६० अंशांपुढे जाणारे, रोज ताजा ऑक्सिजन घेऊन येणारे, आणि खाली उतरणारी लाइन जीआय. तिथे दर्जेदार जीआय वापरूनही पाइप लवकर गेला तर नवल नाही. गरम पाण्याची उतरती लाइन त्या तापमानासाठी बनवलेल्या प्लास्टिकची किंवा पूर्ण तांब्याची असावी, हे इथले सरळ उत्तर आहे.

अडसर: किती खरा, किती नावाचा

सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे डायइलेक्ट्रिक युनियन. एका बाजूला पोलाद, दुसऱ्या बाजूला तांबे किंवा पितळ, मध्ये वीज न वाहणारी रिंग. तत्त्व निर्दोष आहे, पण व्यवहारात तज्ज्ञांचे मत दुभंगलेले आहे. रिंगेची जाडी थोडी असते. खारट पाण्यात प्रवाह पाण्यातूनच पलीकडे उडी मारतो, किंवा साचलेला थर दोन बाजू जोडून टाकतो. त्यामुळे अनेक अनुभवी मंडळी मध्ये लांब पितळी निपल किंवा व्हॉल्व्ह घालणे पसंत करतात, तर काही आतून प्लास्टिकचे अस्तर असलेला लांब निपल वापरतात. माझ्या मते तिसरा मार्ग अधिक पक्का आहे, कारण तो धातूची वाट तोडत नसला तरी पाण्यातली वाट लांबवतो.

समुद्राच्या पाण्यासाठी ही लांबी मोजून ठरवतात. नॉर्वेच्या सागरी तेल उद्योगाच्या मानकात दोन धातूंमध्ये किमान दहा व्यासांइतका अवाहक किंवा आतून अवाहक अस्तराचा तुकडा घाला, नाहीतर कॅथोड होणाऱ्या, म्हणजे न झिजणाऱ्या धातूच्या पाइपला जोडापासून तितक्या अंतरापर्यंत आतून लेप द्या, असा मार्ग सांगितला आहे. सहा इंची पाइपला म्हणजे पाच फूट. अर्धा सेंटिमीटर रिंगेवर विसंबणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

फ्लँजच्या जोडात गॅस्केट, प्रत्येक बोल्टला अवाहक नळी आणि नटाखाली अवाहक वॉशर, असा पूर्ण संच लागतो. आठ बोल्टपैकी एक जरी उघडा राहिला तरी वाट जुळते आणि बाकी सातांची मेहनत वाया जाते. तीच गत आधारांची. युनियन उत्तम बसवली, पण दोन्ही बाजूंचे पाइप एकाच लोखंडी अँगलवर क्लॅम्पने आवळले, तर वीज अँगलमधून फिरून पोहोचते. क्लॅम्पखाली रबराची पट्टी हवी. टेफ्लॉन टेप किंवा सुतळी-सफेदा यांनी जोड विजेसाठी तुटतो, हा समज तर सोडूनच द्यावा. आटे आवळताना धातू धातूला भिडतोच. टेपचे काम पाणी अडवणे. वीज अडवणे हे तिचे काम नाही.

अडसर खरा आहे का, हे ओळखायचे तर लाइन कोरडी असताना इन्सुलेशन टेस्टरने मोजावे. पाणी भरल्यावर पाण्यातून जाणारा प्रवाह वाचन बिघडवतो. ही चाचणी काही मिनिटांची आहे, पण भिंत बंद झाल्यावर ती करता येत नाही.

अडसराची दुसरी बाजूही सांभाळावी लागते. जुन्या इमारतींत धातूच्या पाण्याच्या लाइनचा आधार अर्थिंगला असू शकतो. ती लाइन मध्येच तोडली किंवा तिथे प्लास्टिक आले, तर सुरक्षेची वाट तुटते. म्हणून असे काम करण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग स्वतंत्र आहे याची खात्री करून घेणे अनिवार्य आहे. इथे पाइपपेक्षा माणसाचा जीव मोठा.

एकाच धातूची दोन रूपे

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे दोन्हीकडे पोलादच असूनही घट चालणे. काँक्रीटच्या अल्कलीत पोलादावर निष्क्रिय थर बनतो आणि त्याचे वागणे बरेचसे तांब्यासारखे होते. स्लॅबमधून निघून मातीत शिरणारा पाइप सळ्यांना टेकला असेल तर तो बाहेर पडल्या-पडल्या काही इंचांत सडतो. तांब्याच्या अर्थिंग जाळीला जोडलेला जमिनीखालचा पाइपही तसाच झिजतो. जुन्या लाइनमध्ये घातलेला नवा तुकडा आधी जातो, त्याचे कारणही हेच. जुन्या पोलादावर थर साचलेला असतो, नवे पोलाद उघडे असते. ‘हल्लीच्या पाइपात दम नाही’ ही तक्रार प्रत्येक वेळी खरी नसते. कित्येकदा त्या बिचाऱ्या नव्या तुकड्याला जुन्या लाइनचा ॲनोड व्हावे लागलेले असते.

जमिनीतल्या लांब पाइपलाइनसाठी यावर कॅथोडिक संरक्षण आहे. १९२८ मध्ये न्यू ऑर्लिन्सला रॉबर्ट कून यांनी गॅसच्या पाइपलाइनवर ते यशस्वी केले. तांबे-मोरचूद संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.८५ व्होल्टचा निकष आजही वापरात आहे. त्यासाठीही स्थानकाच्या सीमेवर अवाहक जोड लागतोच, नाहीतर सारा संरक्षक प्रवाह तांब्याची अर्थिंग जाळीच पिऊन टाकते.

हा प्रश्न फक्त गळतीचा आहे, असेही नाही. अमेरिकेत शिशाच्या जुन्या नळजोडण्यांचा अर्धाच भाग बदलून पुढे तांबे जोडले गेले, तेव्हा उरलेल्या शिशाचे क्षरण वाढू शकते आणि ते शिसे पिण्याच्या पाण्यात उतरते, हे अभ्यासांत दिसून आले. अर्धवट दुरुस्ती कधी कधी मूळ दुखण्यापेक्षा वाईट असते.

जोडाची जबाबदारी कुणाची

एवढे ज्ञान हाताशी असताना जोड सडतात, कारण पाइप प्लंबर टाकतो, हीटर दुसरा माणूस बसवतो, अर्थिंग तिसरा करतो आणि रंग चौथा. जोड या चौघांच्या हद्दीवर असतो, म्हणून तो कुणाचाच नसतो. उपाय इथून सुरू व्हायला हवा. नकाशावर जिथे धातू बदलतो ती प्रत्येक जागा खुणेने दाखवावी आणि तिथे काय बसवायचे ते लिहावे. शक्य तिथे संपूर्ण लाइन एकाच धातूची किंवा प्लास्टिकची ठेवावी. भिन्न धातूंचा जोड भिंतीत गाडू नये. तो हात पोहोचेल आणि डोळ्यांना दिसेल असा ठेवावा. पाणी भरण्याआधी अडसराची चाचणी व्हावी आणि तिच्यावर कुणाची तरी सही असावी. गीझरमधला मॅग्नेशियमचा रॉड वर्षातून एकदा तपासावा, क्षारयुक्त पाणी असेल तर अधिक वेळा. तो झिजून संपला की पुढची पाळी टाकीची असते.

यातली कोणतीही गोष्ट महाग नाही. भिंत फोडणे, लाद्या उखडणे आणि शेजाऱ्याचे छत भिजवणे यांच्यापुढे एका लांब अस्तर-निपलची किंमत नगण्य आहे. म्हणून गृहसंस्थेच्या सभेत पाइपलाइन बदलण्याचे अंदाजपत्रक येईल तेव्हा सभासदांनी दराच्या आधी तीन प्रश्न विचारावेत: धातू कुठे कुठे बदलतो, तिथे वीज कशाने अडवली आहे आणि ती अडली हे कोण तपासणार? उत्तरे लेखी घ्यावीत आणि ती मिळाल्यावरच काम सुरू करू द्यावे.